अजून न आलेलं पाणी

तिला तीन रात्री धड झोप लागली नव्हती, आणि त्याला कारण मी होतो.

मी म्हणजे एक ट्रेसिंग पेपर. टेबलाएवढा मोठा, धुक्यासारखा, आरपार दिसणारा. मला स्वतःचा असा चेहरा नाही. ज्याच्यावर पसराल त्याचा चेहरा मला येतो. म्हणून बोलायला लागण्याआधी मी खात्री करून घेतो, की हा आवाज माझाच आहे, खाली निजलेल्या कुणा नकाशाचा नाही.

सरकारी इमारतीच्या तळघरात, भांडारात, एका जाडजूड गुंडाळीचा मी भाग होतो. शेजारी वाळलेल्या शाईच्या बाटल्या आणि तीन पायांच्या खुर्च्या. वर्षानुवर्षं तिथे काही घडत नसे, त्यामुळे आम्ही स्वप्नं बघत असू. गुंडाळीतल्या कुणाला वाटे आपल्यावर राजवाडा काढतील, कुणाला वाटे रेल्वेचं स्टेशन. मला मात्र पाणी दिसायचं. हलकं, निळं, आवाज न करता पसरत जाणारं. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

मग एक दिवस ती खाली आली. चौथ्या मजल्यावरच्या समन्वय कक्षात तिची नोकरी होती.

"मॅडम, हे कोण वापरतं आता?" भांडारपाल चष्म्यावरून बघत म्हणाला. "सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"असतं हो. पण पाणीखात्याचा नकाशा बांधकामाच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. आणि आरोग्यवाले पत्र गेल्याशिवाय पाठवत नाहीत. छापलेला नकाशा मात्र सगळे दाखवतात. वर चहा देतात."

तिने मला गुंडाळीतून कापून घेतलं. हात जरा कचरला, त्यामुळे माझी एक कड अजून तिरकी आहे. "चालेल ना?" तिने विचारलं. प्रत्येक गोष्टीनंतर असं विचारायची तिला सवय होती. समोर कुणी नसलं तरी विचारायची.

समन्वय कक्षाचं काम सांगायला सोपं. हवामान बदलतंय. पुढच्या काळात कुठे पाणी चढेल, कुठे आटेल, कुठे उन्हाने माणसं हैराण होतील, त्याला तोंड द्यायला देशाचं एक धोरण ठरलंय. धोरण एक, खाती अनेक. त्यांनी एकमेकांना विचारून काम करावं, एवढंच कक्षाने बघायचं. पण खाती म्हणजे मोठ्या घरातल्या जावाच. कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरत नाही, आणि काही सांडलं की सगळ्या एकाच सुरात म्हणतात, आमच्याकडून नाही.

ती मला एका लांब नळकांड्यात घालून खात्याखात्यांतून फिरली. बांधकाम खात्यात माझ्यावर रस्ते उतरले आणि नदीवरचा पूल. आरोग्य खात्यात एक छोटासा चौकोन आला. मुलांचं नवं रुग्णालय. नव्या धोरणाखाली बांधली जाणारी ही पहिली इमारत, नदीच्या वळणावर. शेवटी आम्ही पाणीखात्यात गेलो. तिथे नकाशे काढणारे एक काका होते, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. त्यांनी निळी पेन्सिल आडवी धरली आणि नदीच्या दोन्ही काठांवर अलगद फिरवली.

"हे तीस वर्षांनंतरचं पाणी," ते म्हणाले. "हलक्या हाताने काढावं. अजून आलेलं नाही."

माझं स्वप्न मला तिथे सापडलं. मी शहारलो. कागद शहारला की पंख्याचा वारा समजतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. तिची मुलगी, टिंबू, चार वर्षांची. चार आणि तीस. म्हणजे हे पाणी येईल तेव्हा टिंबू चौतीस वर्षांची, आज तिची आई आहे त्याच वयाची असेल. तिने बोटं मिटून घेतली.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. मला पाठ आणि पोट सारखंच. पहिल्याच मोठ्या बैठकीत, सगळ्या खात्यांसमोर, तिने मला टेबलावर उलटं पसरलं. नदी शहराच्या दुसऱ्या अंगाला गेली. ती पाच मिनिटं तावातावाने बोलली, आणि मग बांधकामाचे मोठे इंजिनीयर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपल्या नदीने माहेर बदललंय का?" सगळी खोली हसली. तीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. त्या दिवसापासून तिने माझ्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वर' असं लिहून ठेवलं. कॉरिडॉरमध्ये मात्र तिचं नाव पडलं ते पडलंच. उलटी नदी.

म्हणून त्या सोमवारी नकाशावरच्या पुलापाशी तिची नजर अडली तेव्हा तिने आधी स्वतःवरच संशय घेतला.

रुग्णालयाच्या कागदावर सगळे खूश होते. पाणीखातं सांगत होतं, पुराचं पाणी फार तर दोन मीटर चढेल. बांधकाम सांगत होतं, इमारतीचं जोतं अडीच मीटरवर ठेवतोय. अर्धा मीटर जास्तच. गुरुवारच्या बैठकीत सह्या व्हायच्या होत्या. पण पूल तर दोन्ही नकाशांवर तोच, आणि त्याची उंची एकावर सहा मीटर लिहिलेली, दुसऱ्यावर साडेसात. पूल काही वाढत नाही. तिने मला उचललं, पुन्हा ठेवलं, 'वर' वाचलं, पुन्हा ठेवलं. सुटताना मला नळकांड्यात घालून घरी घेऊन गेली. पत्र लिहून विचारलं असतं तर उत्तर महिन्याने आलं असतं, आणि विचारलं कुणी, तर उलट्या नदीने.

घरात मला चपलांच्या कपाटाशेजारी उभं केलं होतं. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसे. त्या दाराच्या चौकटीवर टिंबूची उंची पेन्सिलीने नोंदलेली. बुधवारी सकाळी टिंबूची वेणी घालता घालता तिचा हात थांबला.

"अरे," तिने नवऱ्याला हाक मारली, "ही दोन महिन्यांत अर्धा मीटर वाढली?"

तो दाढीचा फेस पुसत आला. वरची रेघ बघून म्हणाला, "ती मी मोजली. रविवारी."

"मी स्टुलावर उभी होते," टिंबू अभिमानाने म्हणाली. "स्टुलावर मी छान मोजून घेते."

"स्टुलावरून मोजलंस?"

"तिचा हट्ट. आणि स्टूल होतं हे माहितीच होतं की आम्हाला."

"मला कुठे माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

दुसरी वेणी न घालताच ती उठली. टिंबू एका वेणीने उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरी राहिली." पण तोवर फोन लागला होता.

"काका, तुमचं शून्य कुठे आहे?"

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे पाण्याची उंची कुठून मोजता?"

"पुलाच्या तिसऱ्या खांबावर खूण आहे. माझ्या साहेबांच्या साहेबांनी कोरलेली. सगळ्यांना माहीत आहे ते."

"बांधकामाला माहीत आहे?"

"त्यांना माहीत नसायला काय झालं?" नकाशेकाका म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

मग तिने बांधकाम खात्यात फोन लावला. तिथला पोरगेला इंजिनीयर म्हणाला, "जुन्या बंदराच्या पायरीवर पितळी खिळा आहे ना, तिथून. कुणीही सांगेल, ताई."

पुलाच्या दोन उंचींत फरक दीड मीटरचा, म्हणजे पितळी खिळा खांबावरच्या खुणेपेक्षा दीड मीटर खाली. दोघांचं गणित बरोबर, दोघं प्रामाणिक, आणि दोघांच्या मध्ये एक स्टूल. खिळ्यापासून अडीच मीटर म्हणजे खुणेपासून एकच मीटर. पाणी येणार दोन मीटर. तिने चौकटीवरच्या खालच्या, खऱ्या रेघेकडे पाहिलं. टिंबूची उंची बरोबर एक मीटर होती.

त्या दिवशी तिने टिंबूची दुसरी वेणी फार घट्ट घातली. टिंबू कुरकुरली.

गुरुवारी मोठं टेबल, पाण्याचे पेले, बिस्किटांच्या बशा. मोठे इंजिनीयर मला बघून म्हणाले, "आज नदी सुलट ना, मॅडम?"

"सुलट आहे. कोपऱ्यात लिहिलंय," ती म्हणाली. आणि तिने 'वर' या अक्षरांवर बोट टेकवलं.

तिने सह्यांआधी एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली. अध्यक्षबाई म्हणाल्या, विषयपत्रिकेवर नाही, पण विचारा.

"प्रत्येकाने सांगावं, तुमचं शून्य कुठे आहे."

आधी कुणीतरी हसलं. मग एकेकाने सांगायला सुरुवात केली आणि हसू ओसरत गेलं. खांबावरची खूण. पायरीवरचा खिळा. हवामानवाले समुद्रापासून मोजत होते. शेतीवाल्यांनी दोन फोन केले आणि शेवटी कबूल केलं, आम्ही बहुधा रस्त्यापासून मोजतो. एका देशाच्या एका टेबलावर चार शून्यं बसली होती, आणि आजवर एकमेकांना चहा देत आली होती.

मला त्या क्षणी खालचे नकाशे जाणवत होते. ते कुजबुजत नव्हते. झोपेत कूस बदलावी तसे हलले, इतकंच.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई मात्र संतापल्या. "सहा वर्षं मी या इमारतीसाठी खेटे घालतेय. माझ्याकडे एकेका खाटेवर दोन-दोन मुलं आहेत. आज पेन हातात घेतलं, तर तुम्ही म्हणता थांबा? आणि तुमचंच चुकलं असेल तर?"

"असू शकतं," ती म्हणाली. "माझं पूर्वी चुकलंय, सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून दुपारी खिळा आणि खूण दोन्ही मोजून घेऊ. चुकले असेन तर संध्याकाळी सही करा."

"आणि बरोबर असाल तर पाणी कुठवर येईल वॉर्डात?"

तिने मीटर वगैरे सांगितलं नाही. खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि तळहात आडवा धरला, कमरेच्या जरा वर. "माझी मुलगी इतकी आहे," ती म्हणाली. "तिच्या डोक्यापर्यंत."

डॉक्टरीणबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग पेनाला टोपण लावलं. मोठे इंजिनीयर उठले, खिडकीपाशी गेले, कुणालातरी फोन करून म्हणाले, "लेव्हलचं यंत्र घेऊन बंदरावर ये. आत्ता. आणि पाणीखात्याच्या माणसाला बरोबर घे. हो, पाणीखात्याच्याच. गाडीत बसव तुझ्या."

दीड मीटर. दोन्ही खात्यांनी एकत्र मोजलं, एकाच पट्टीने. नकाशेकाका म्हणे खिळ्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले होते. इतकी वर्षं नोकरी झाली, हा खिळा कधी पाहिला नव्हता, म्हणाले.

पुढचं काही झटपट झालं नाही. शेतीखात्याच्या बियाण्यांच्या गोदामामागे चढावर जागा होती. ती सोडायला त्यांनी पाच महिने तोंड वाकडं केलं. डॉक्टरीणबाई रोज सकाळी दहाला त्यांच्या दारात जाऊन बसायच्या, डबा घेऊन. आता तिथे पाया खणलाय. आणि नव्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ असते: शून्य कुठून. दोन खाती अजून ती ओळ कोरी सोडतात. ती कोऱ्या जागेवर पेन्सिलीने गोल करून नकाशा परत पाठवते. हल्ली 'चालेल ना' विचारत नाही. म्हणजे, कमी विचारते.

मी पिवळा पडलोय. घड्यांवर फाटलोय. माझी जागा एका चकचकीत प्लॅस्टिकने घेतली, त्याला पाठ-पोट वेगळं आहे. भांडारपालाने मला रद्दीत टाकायचं म्हटलं तेव्हा तिने सही करून मला घरी आणलं. दुपारी ऊन फार येतं त्या खिडकीला तिने मला चार टाचण्यांनी लावलंय. ऊन माझ्यातून गाळून घरात येतं आणि फरशीवर फिकट निळं सांडतं. मी पुन्हा स्वप्नं बघतो. माझी एवढीच विनवणी आहे. कधी कुणाला उंची सांगाल, खोली सांगाल, धोका सांगाल, तर पायाखाली काय ठेवून मोजलंत तेही सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

काल टिंबू त्या निळ्यात पाय सोडून बसली होती. तिने मान वर करून मला न्याहाळलं.

"आई, हे निळं काय आहे?"

तिची आई कपड्याची घडी घालता घालता थांबली. या प्रश्नाची तिला वर्षभर धास्ती होती. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायला शब्द नव्हते.

"पाणी आहे," ती म्हणाली. "अजून आलेलं नाही."

"कधी येणार?"

"तू माझ्याएवढी मोठी होशील तेव्हा. कदाचित."

टिंबूने माझ्याकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे, मग आईकडे, पायापासून डोक्यापर्यंत.

"मग तेव्हा स्टूल तू घे," टिंबू म्हणाली. "मला लागणार नाही."