अठ्ठेचाळीसच्या खाली

मी संगणकाचा एक जुना मॉनिटर आहे. माझे पणजोबा फुगीर पोटाचे, कृष्णधवल काचेचे. आजोबा रंगीत, पण उचलायला दोन माणसे लागत. वडील सडपातळ. तिघांनीही एकदा ठरवून दिलेल्या गतीनेच जन्मभर चित्रे बदलली. संगणकाचा ताल पाहून आपली गती कमीजास्त करणारा आमच्या घराण्यातला पहिला मीच. सेकंदाला अठ्ठेचाळीसपासून पंचाहत्तर चित्रांपर्यंत, ही माझी हद्द. ही बढाई नव्हे. कूळ सांगायचे तर नीट सांगावे.

मित्रांनो, खोक्याचा कोपरा चेपला म्हणून मी मानकोलीच्या गोदामात परत आलेल्या मालात पडलो होतो. तेथून टेमघरच्या जानकीबाईंच्या घरी आलो. अंगणापलीकडे त्यांचे सोळा यंत्रमाग चालतात. त्यांची नात ऋतिका माझ्यावर कापडाची नक्षी काढते. पहिले वर्षभर आल्यागेल्याने माझे कौतुक केले. पुढे माझ्या माथ्यावर सुताच्या धुळीचा थर साचला आणि तो कोणी पुसला नाही.

यंदा ऋतिकेने विणण्याआधीच साडी पडद्यावर लहरताना दाखवायचे ठरवले. निजामपुऱ्याचा व्यापारी दुपारी पाहायला येणार होता. पसंत पडली तर वर्षभराच्या नक्षीचे काम तिचे. नाहीतर जानकीबाईंचा निकाल तयार होता.

"हा डबा भंगारात, नि तू गोडाउनच्या ड्युटीला."

साधे कापड मी सुरेख दाखवी. दाट नक्षीचा पदर आला की मात्र संगणक दमे आणि सेकंदाला जेमतेम चाळीस चित्रे देई. ते माझ्या हद्दीच्या खाली होते. मी लुकलुकू लागे.

ऋतिकेने मागवाल्याच्या घरातली चूक केली. माल कमी पडला की मागाची गती वाढवायची, हेच तिने लहानपणापासून पाहिले होते. तिने माझी वरची हद्द नव्वदवर नेली. मी काळा पडलो. कसेबसे तिने मला पूर्ववत केले, पण लुकलुक होतीच.

"आजी, हिरामणकाकांना बोलवू? गतीतलं त्यांना कळतं."

जानकीबाईंचा अडकित्ता थांबला. हिरामण त्यांच्या मागांचा जुना फिटर. नऊ वर्षांपूर्वी कापडात आडव्या पट्ट्या पडल्या, तेव्हा बाईंनी त्याला सर्व कामगारांसमोर 'आंधळा' म्हणून घालवून दिले होते. पुढे दोष सुतात निघाला. ते दोघांनाही कळले. बोलले मात्र कोणीच नाही.

"त्याला बोलवून माझं नाक कापतेस काय?"

"मग व्यापाऱ्याला काय दाखवू, काळा पडदा?"

बाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज मला ऐकू आला. "हिरामण, पोरीचं काम अडलंय. येशील?"

तो आला. उंबऱ्यातच म्हणाला, "काय काकी, आंधल्याला टिवी बघायला बोलवलं?"

"बस. चहा घे," बाई एवढेच म्हणाल्या.

ऋतिकेने काय काय करून पाहिले ते ऐकून हिरामण माझ्यापुढे बसला. मांडीवर बोटाने ठेका धरत त्याने पदर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. "जोरात हाय तवा न्हाय लुकलुकत. मंद झाला का मंगच. मंग वर कनाला जातेस गो? खाली उतर."

ऋतिकेने माझी खालची हद्द सदतीसवर आणली. चाळीस आता माझ्या आवाक्यात आले. शिवाय सदतीसची दुप्पट चौऱ्याहत्तर, म्हणजे पंचाहत्तरच्या आतच. संगणक आणखी मंदावला तरी तेच चित्र दोनदा दाखवून मला ताल राखता येणार होता. पदर लहरला. मी स्थिर राहिलो.

दुपारी व्यापारी आला. त्याने तो पदर तीनदा फिरवायला लावला. "पहले यही बनाओ. बाकी साल भर का काम भी तुम ही करो," असे सांगून तो गेला.

मित्रांनो, यंत्र अडखळले म्हणून ते फेकू नका आणि त्याच्यावर जोरही करू नका. ते नेमके कोठे अडखळते, हे आधी शांतपणे बसून पाहा. आणि माथ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा.

हिरामण चपला घालू लागला, तेव्हा जानकीबाईंनी त्याला अंगणात थांबवले आणि कामगारांना माग बंद करायला लावले. सोळाही माग थांबले. कामगार दाराशी गोळा झाले. खिडकीतून मला सारे दिसत होते. बाई पायरी उतरून हिरामणच्या समोर उभ्या राहिल्या.

"चारचौघांत बोलली व्हती, त चारचौघांतच सांगते. दोष सुताचा व्हता, हिरामणचा न्हाय. मी चुकली."



"फिटलं, काकी," हिरामण म्हणाला. "आता लूम चालू करा. माल खोळंबलाय."