खाडीच्या पाण्याची शपथ

सकाळी खाडीतले बोय मासे पांढरी पोटं वर करून आले आणि दुपारपर्यंत गावाला गुन्हेगारही सापडला. डोंगरपाड्यावरचा सुका पुलाखाली खेकडे धरत होता, एवढा पुरावा पुष्कळ झाला. डोंगरातली माणसं ओढ्यात झाडाची साल कुटून टाकतात, मासे गुंगतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण भरतीची अख्खी खाडी मारायला किती झाडं सोलावी लागतील, हे कुणी विचारलं नाही.

सुकाला गावदेवीपुढे बसवलं. वल्ही घेऊन आलेले बारा जण धर्माजी पाटलानं नजरेनंच मोजले. सगळ्यांत मोठा आवाज आपल्याच मुलाचा, नामदेवचा, हेही टिपलं. बोईसरच्या रसायनाच्या कारखान्यात टँकरवर लागल्यापासून पोरगा गावकीला फिरकत नव्हता. आज न बोलावता आला होता.

"पाटील, आटपा. वल्ही धरून हात दुखले," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. सुका तेवढा हसला नाही. भाताची लावणी आठवड्यावर आली होती. त्याला हात शाबूत हवे होते.

धर्माजीनं डोळे मिटले. आई, न्याय करायची बुद्धी दे. कुणाचं तोंड बघून माझी जीभ वळू नको देऊस.

गावचा रिवाज असा, की शिक्षा आधी सांगायची आणि शपथ मागून घ्यायची.

"ज्यानं खाडी मारली त्याचे हात मोडायचे," धर्माजी म्हणाला. "आन् गाव त्याला बंद."

मग हंडा घेऊन तो उठला. शपथेचं पाणी विहिरीचं असतं. धर्माजी खाडीत उतरला.

"पाटील, हे काय?"

"जे मेलं तेच साक्षीला पायजे."

त्यानं हंडा देवीपुढे ठेवला. सुकानं कोपरापर्यंत हात बुडवला, देवीचं नाव घेतलं. "मी नाय केलं, पाटील." हात बाहेर आला, तसाच काळा, धड.

"खोटारडा!" नामदेव ओरडला. "मी डोळ्यांनी बगितलं टाकताना!"

"मग तू साक्षीदार. साक्षीदारानंबी हात बुडवायचा. ये."

नामदेव हंड्यापाशी आला. बाही सारली. वाकला, आणि तसाच राहिला.

"बुडव ना रे," मागून कुणी डिवचलं. "देवी काय चावते?"

"बाबा, ह्या पान्यात नको. आधी काय वाटत नाय. रात्री चामडी सुटते."

"तुला कोनी सांगितलं?"

नामदेवनं बाही खाली ओढली. हसायला कुणी उरलं नव्हतं. सुका आपल्या ओल्या हाताकडे बघत बसला होता.

"विहिरीवर जा, सुका. भरपूर पानी घाल हातावर," धर्माजी म्हणाला. त्याचेही तळवे आता चुरचुरायला लागले होते.

बारा वल्ही नामदेवकडे वळली. मध्ये धर्माजी उभा होता. त्यानं एकदा देवीकडे बघितलं आणि मुलाच्या पुढून बाजूला झाला.