पाचवं मशीन

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय आणि बावीस वर्षं लोकांना एकच वाक्य ऐकवतोय, "बदलायची काही गरज नाही." इमारतीचे सेक्रेटरी घाबरत घाबरत फोन करतात. लिफ्ट हिसके देते, दार अडकतं, आता नवीच बसवायची का? मी जातो, आत वाकून बघतो, ब्रेक घट्ट करतो, तेल देतो आणि निघताना एक छोटंसं व्याख्यान ठोकतो. जुन्या मशीनच्या खोड्या आपल्याला माहीत असतात. नवं आणलं की नव्या खोड्या शिकाव्या लागतात. सेक्रेटरी भारावून जातात. एकाने तर माझं हे वाक्य कागदावर लिहून लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवलं होतं.

मग हा विरक्त पुरुष घरी येतो, हात धुतो, सोफ्यावर आडवा होतो आणि पुढच्या महिन्यात येऊ घातलेल्या गेमिंग मशीनचे व्हिडिओ बघत बसतो.

चार वर्षांत आमच्या घरात अशी चार मशीनं आली. प्रत्येकाला सबळ कारण होतं, आणि कारण शोधण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. दुसरं आलं कारण पहिल्यात गवत खऱ्या गवतासारखं दिसत नव्हतं. तिसरं आलं कारण दुसऱ्याचा पंखा आवाज करायचा. घरातला खराखुरा पंखा सहा वर्षं खडखडतोय, पण त्यावर गेम खेळता येत नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न वेगळा. चौथं आलं तेव्हा मला स्वतःलाच कारण आठवत नव्हतं. खोकं उघडून झाल्यावर आठवलं.

पहिलं मात्र खऱ्या कारणाने आलं होतं. ते बाबांसाठी होतं.

बाबांनी बत्तीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाले आणि दिवसभर खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्यांच्या चुका काढू लागले. "बघ, इंडिकेटर न देता वळला." आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. ती होती तेव्हा आम्हा बापलेकांचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेल्यावर आमच्यात दोनच वाक्यं उरली. "जेवलात का?" आणि "हो." मला ते सहन होईना. म्हणून मी शर्यतीचा गेम असलेलं मशीन आणलं.

बाबांनी आठवडाभर त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग एका रविवारी त्यांनी बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्यावर बसच्या पाट्यांसारख्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हिरवं बटण, गाडी पळते. लाल, ब्रेक. वरचं डावं, मागे बघणे." झाकण टीव्हीला टेकवून ठेवलं आणि कंट्रोलर हातात घेतला. ते त्याला रिमोट म्हणायचे.

त्या गेममध्ये चाळीस रस्ते होते. बाबांनी एकच निवडला. तळ्याच्या कडेकडेने जाणारा, मध्ये एक लाकडी पूल आणि पुढे तीन वळणं. रोज संध्याकाळी सहाला आम्ही बसायचो. आठ गाड्यांत बाबा आठवे यायचे. वळणावर हळू घ्यायचे, कोणाला धक्का द्यायचे नाहीत आणि शेवटी समाधानाने म्हणायचे, "एक ओरखडा नाही." मी त्यांना दोन-दोन फेऱ्यांनी मागे टाकायचो. पण समोर बघत बघत बाबा बोलायचे. आईबद्दल बोलायचे. एकदा पुलावर असताना म्हणाले, "शेवटच्या दिवशी तिने मला ड्यूटीवर जा म्हणून सांगितलं आणि मी गेलो." एवढं बोलले आणि वळण घेतलं. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी मला सांगितलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

आणि मला कशाची काळजी होती? गवताची.

दुसरं मशीन आलं त्या दिवशी मी कामावर होतो. बाबांनाच फोन करून सांगितलं, "जुनं पिशवीत भरून डेपोजवळच्या दुकानात देऊन टाका. नाही तरी तिकडून जाता." त्यांनी दिलं. नव्यात तळ्याचा रस्ता नव्हता, डोंगर होता. बाबांनी नवं झाकण लिहिलं. तिसऱ्या मशीनला पासवर्ड लागायचा, खातं लागायचं, दर आठवड्याला रस्ते बदलायचे. झाकण दोन्ही बाजूंनी भरलं. चौथ्या वेळी त्यांनी झाकण लिहिलंच नाही. मी खूश झालो. म्हटलं, बाबा आता तरबेज झाले.

तरबेज झालेले बाबा रोज संध्याकाळी पाचला फिरायला जाऊ लागले. सातला परत. "गुडघे मोकळे होतात," म्हणाले. सोफ्याची उजवी बाजू रिकामी राहू लागली. मी एकटा खेळायचो, पहिला यायचो आणि कोणाला सांगायचं ते कळायचं नाही.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसाला चाळीस लोकांना सुई टोचते, त्यामुळे कुठे टोचायचं ते तिला नेमकं कळतं. चौथ्या मशीननंतर तिने मला समोर बसवून वदवून घेतलं की वर्षभर घरात नवं मशीन येणार नाही. मी कानाला खडा लावला. आणि सांगायला अभिमान वाटतो की आठ महिने मी तो शब्द पाळला. या काळात मी फक्त व्हिडिओ बघितले. फक्त दोन मशीनची तुलना करणारा तक्ता बनवला. फक्त कार्टात टाकलं, कारण कार्टात टाकणं म्हणजे घेणं नव्हे, हे लहान मुलालाही कळतं. एकदा तर मोहाला बळी पडू नये म्हणून ते खरेदीचं ॲपच काढून टाकलं. मग नीट निघालंय ना ते बघायला पुन्हा टाकलं.

आणि एके दिवशी पाचवं मशीन बाजारात आलं. त्याच्याबरोबर स्टिअरिंग होतं. खरं, गोल, दोन्ही हातांत मावणारं. खाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबा येत नाहीत कारण बाबांना बटणं नको आहेत. बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाच्या हातात मी बटणं देत होतो! चूक माझी होती, आणि चूक सुधारायची म्हणजे खर्च आलाच.

"हे बाबांसाठी आहे," मी बायकोला म्हणालो.

"बाबांना विचारलंस?"

"सरप्राइज आहे."

"पहिल्या चारांसारखं?" ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मी दुर्लक्ष केलं. इतक्या उदात्त हेतूला असे टोमणे लागत नाहीत. चौथं मशीन देऊन पाचवं घ्यायचं ठरवलं. कंपनीचा माणूस घरी आला, मशीन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "कोपऱ्यावर ओरखडा आहे, एक्सचेंज होणार नाही." मला बाबांची आठवण झाली. पण माघार घेईन तर तो मी कसला? दुसऱ्या दिवशी एका इमारतीचं काम लवकर आटोपलं, तेव्हा मशीन पिशवीत घातलं आणि डेपोजवळच्या त्या दुकानात गेलो. तिथे मी स्वतः कधीच गेलो नव्हतो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीवर चार्जरच्या वायरी लटकलेल्या, काचेच्या कपाटात फुटक्या स्क्रीनचे मोबाइल, सोल्डरिंगचा जळका वास. काउंटरवर कोणी नव्हतं. आतून एका बाईचा आवाज आला, "बसा पाच मिनिटं. कामात आहे."

मी आत डोकावलो. कपाळावर भिंग चढवलेली पन्नाशीची एक बाई स्टुलावर बसली होती आणि तिच्या हातात कंट्रोलर होता. समोर जुना टीव्ही. टीव्हीवर तळं.

"अहो काका, ही शर्यत आहे!" ती ओरडत होती.

"वळण आहे," शेजारचा माणूस शांतपणे म्हणाला. "शर्यत वळणानंतर."

टीव्हीला बुटांच्या खोक्याचं एक झाकण टेकवलेलं होतं. हिरवं बटण, गाडी पळते.

"बाबा?" मी म्हणालो.

बाबांनी मान वळवली नाही. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. त्यांनी पूल ओलांडला, तिन्ही वळणं घेतली, आठवे आले. तोपर्यंत मी पिशवी धरून दारात उभा होतो.

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "ये. हा माझा मुलगा," त्यांनी बाईंना सांगितलं.

"अच्छा, ते तुम्ही!" बाई म्हणाल्या. त्या 'ते'मध्ये बरंच काही होतं. "काका हे मशीन द्यायला आले ना, तेव्हा म्हणाले, एकदा शेवटची फेरी मारू का. मारली. आठवड्याने पुन्हा आले. मध्ये कधीमधी यायचे, हल्ली रोज येतात. दोन गिऱ्हाइकं मागून गेली, मी दिलं नाही. मलाही आता सवय झालीय."

मी बाबांकडे बघितलं. लाज वाटली आणि रागही आला. राग कोणाचा, ते अजून नीट ठरलेलं नाही.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"काय सांगणार?" बाबा कंट्रोलर पुसत म्हणाले. "नोकरीत साहेब दर वर्षी माझा रूट बदलायला निघायचा. अकरा वर्षं त्याला नाही म्हणालो. तुला कसं म्हणू? खोकं उघडताना तुझा चेहरा असा व्हायचा, शाळेत असताना व्हायचा तसा. तुझ्यासाठी दुसरं शिकलो. तिसरं शिकलो. चौथ्याला मात्र नाही जमलं रे."

आणि अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करतो? जे येतं तेच करतो.

"हे मशीन मी परत घेतो," मी बाईंना म्हणालो. "काय द्यायचं ते सांगा. आत्ता घरी नेतो. बाबा, रोज सहाला बसू. पहिल्यासारखं."

बाई बाबांकडे बघायला लागल्या. बाबांनी जोरात मान हलवली.

"नको," ते म्हणाले. "इथे ते जुनं नाहीये. घरी नेलंस की जुनं होईल."

बावीस वर्षं मी लोकांना जे व्याख्यान ऐकवत आलो, ते सगळं या दोन वाक्यांत मावत होतं. फक्त मला कोणी ते कागदावर लिहून चिकटवून दिलं नव्हतं.

"मग मी इथे आलो तर चालेल?" मी विचारलं. स्वतःचाच आवाज मला लहान मुलासारखा वाटला.

"रोज नाही," बाई मध्येच म्हणाल्या. "सोमवार, मंगळवार मी खेळते. गुरुवारी, शुक्रवारी पलीकडचा चष्मेवाला येतो. शनिवार, रविवार गर्दी असते. बुधवार मोकळा आहे."

अशा रीतीने, मी विकलेल्या मशीनवर, माझ्या जन्मदात्याबरोबर खेळायला मला बुधवारची वेळ मिळाली. मी मान डोलावली. पिशवीतलं मशीन बाहेर काढलंच नाही. जाता जाता नजर काचेच्या कपाटाकडे गेली. आत एक वापरलेलं स्टिअरिंग होतं. मी थांबलो, फक्त बघायला थांबलो, शपथ घेऊन सांगतो.

"बुधवारी ये," मागून बाबा म्हणाले. "पण हात हलवत ये."

घरी बायकोने दार उघडलं. पिशवीत वाकून बघितलं. जुनंच मशीन बघून तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, मग मनगट धरून नाडी मोजली.

"बाबा कुठे जातात ते तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली.

एवढंच बोलली. या घरात सुया कोणाला आणि कुठे टोचायच्या हे तिला खरंच कळतं.

पाचवं मशीन, स्टिअरिंगसकट, अजून माझ्या कार्टात आहे. काढलेलं नाही, खोटं कशाला बोलू? दिवसातून दोनदा जाऊन बघून येतो. कंपनीही रोज आठवण करते की तुमची वस्तू तुमची वाट बघतेय. बघू दे. आज मंगळवार आहे. मी बुटांच्या खोक्याचं एक कोरं झाकण शोधून ठेवलंय आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "वळणावर हळू. बाबांना मागे टाकायचं नाही."