चापावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. दाराचे नव्हे, कपाटाचे नव्हे, सायकलचेही नव्हे. मी पिस्तुलाचे कुलूप आहे. पिस्तुलाला बोटाने ओढायचा चाप असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी मला आवळून बसवतात, मग तिथे बोट जात नाही. एवढेच माझे काम. मला कडी नाही, कोयंडा नाही. दोन जाड चकत्या, आत रबर आणि एक बारीकशी किल्ली, असा माझा सगळा संसार. मला पाहून कोणी हरखून जात नाही आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. खरे सांगायचे तर मला फारसे काहीच वाटत नाही. ज्याला गच्च आवळून बसायचे आहे त्याने वाटून घेऊ नये, अशी आमच्या जातीची रीत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझी हजारभर भावंडे जन्मली, त्यामुळे कौतुक वगैरे काही झाले नाही. तिथून मी कॅनडातल्या किचनर गावी बंदुकांच्या दुकानात आले आणि शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांशेजारी एका खिळ्यावर दोन वर्षे लटकले. माझ्यावरची धूळसुद्धा कोणी पुसली नाही.

दोन हजार दहाच्या मार्चमध्ये देवदत्त दुकानात आला. तो मूळचा नागपूरचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करणारा. स्वभावाने चोख. पिस्तूल घ्यायचे म्हणजे आधी वर्ग, मग परीक्षा, मग अर्ज आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहणे, हे सगळे त्याने पार पाडले होते. वर्गातल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की स्वसंरक्षण हे कारण या देशात चालत नाही. पिस्तूल क्लबात जाऊन नेम मारण्यासाठी. घरी ते रिकामे आणि कुलुपात ठेवायचे, गाडीतून नेताना पुन्हा कुलुपात, खिशात घालून तर कधीच नाही. देवदत्तने अर्जात कारण लिहिले नेमबाजी. मनातले कारण वेगळे होते.

मनातले कारण म्हणजे त्याची बायको अनुया. आदल्या वर्षीच्या जानेवारीत भरदुपारी मागचे दार फोडून चोर घरात शिरले होते. अनुया वर एकटी होती. तिने वॉशरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली. चोर लॅपटॉप आणि चार दागिने घेऊन गेले, पोलीस आले, लिहून घेऊन गेले. अनुयाला खरचटलेसुद्धा नव्हते. पण त्या दिवसापासून ती गप्प झाली. नोकरी सोडली. दिवसातून दहा वेळा दारे तपासायची. बोलायची ती मीठ कमी आहे का, मोजे वाळले का, एवढेच. आपल्या बायकोला आपल्याच घरात निर्धास्त बसता यावे, एवढीच देवदत्तची इच्छा होती. ती काही वाईट इच्छा नव्हती.

अर्जावर बायकोची सहीही लागते. सही करताना अनुया कांदा चिरत होती, हे देवदत्तने दुकानदाराला हसत सांगितले.

"वाचून बघ तरी," तो तिला म्हणाला होता.

"सही हवी ना? केली," ती म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली.

आता निवडीची गोष्ट ऐका. पांढऱ्या मिशांच्या दुकानदाराने काचेवर पाच-सहा पिस्तुले मांडली. देवदत्तने एकेक हातात घेऊन पाहिले आणि मग खिशातून अनुयाची एक बांगडी काढून समोर ठेवली. दुकानदार बुचकळ्यात पडला. आमच्याकडे बाईच्या हाताचे माप बांगडीवरून कळते, ज्या हातात ही जाते त्या हाताला बसेल असे द्या, असे देवदत्तने त्याला समजावले. म्हाताऱ्याने बांगडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, बाईंनाच का नाही आणले? त्या कामात असतात, देवदत्त म्हणाला. मग त्याने सगळ्यात आटोपशीर मुठीचे पिस्तूल पसंत केले, आणि सोबत मला. घर नसलेल्याला घर मिळाले. आनंद व्हायला हवा होता, पण मी लगेच चापावर आवळले गेले आणि आनंद राहून गेला.

नंतरची दीड वर्षे माझ्या कामाची. दर शनिवारी आमची वरात निघायची. पिस्तुलावर मी, आम्ही दोघे कुलूपबंद पेटीत, पेटी गाडीच्या ट्रंकमध्ये आणि परवान्याचा कागद देवदत्तच्या खिशात. घर ते क्लब सरळ रस्त्याने जायचे आणि तसेच परत यायचे. एकदा वाटेत अनुयाचा फोन आला, येताना कोथिंबीर आण.

"आत्ता थांबत नाही गं. गाडीत ते आहे ना. सरळ घरी यावं लागतं," देवदत्त म्हणाला.

तो घरी आला, आम्हाला बेसमेंटमधल्या कपाटात ठेवले, गोळ्यांचा डबा दुसऱ्या कपाटात बंद केला आणि मग पुन्हा गाडी काढून कोथिंबीर आणायला गेला. असा मालक मिळायला भाग्य लागते.

क्लबात तो मला काढून बाकावर ठेवायचा. पहिल्या महिन्यात त्याच्या गोळ्या कागद सोडून भलतीकडे जायच्या. मग त्याने पाय कसे ठेवायचे, श्वास कधी रोखायचा, चाप हिसका न देता कसा ओढायचा हे घोटून घोटून शिकून घेतले. वर्षभरात कागदाच्या मधोमध एकच मोठे भोक पडू लागले. लोक पाठ थोपटायचे. पिस्तुलाचीही तारीफ व्हायची. माझी कोण करणार? कुलुपाची आठवण ते नसते तेव्हाच होते.

भोकांचे कागद तो घरी आणून अनुयाला दाखवायचा. ती "छान" म्हणायची. त्यांची मुलगी अस्मिता चित्र काढून आणायची तेव्हाही ती अगदी त्याच आवाजात "छान" म्हणायची. एकदा देवदत्त तिला आग्रहाने क्लबात घेऊन आला. ती कानांवर जाड झाकणे लावून काचेमागे दोन तास बसून राहिली. पिस्तुलाला हात लावला नाही. निघताना तिने विचारले, "हे कानावरचं आता काढू का?"

मित्रांनो, मी लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण सांगते. तिच्या बाबतीत सारे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे चालले होते. घरात नवी दारे बसली, कॅमेरा बसला, पिस्तूल आले. त्या दुपारी वर वॉशरूममध्ये तिचे काय झाले, हे मात्र तिला कोणी विचारले नाही. आठवण निघेल, त्रास होईल, म्हणून देवदत्तने विषयच बंद केला होता. बंद करण्यात तो माझ्याहून पक्का होता.

दोन हजार अकराच्या सप्टेंबरात देवदत्तचे वडील, नाना, नागपूरहून राहायला आले. दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी केलेला माणूस. तिथे खंडेनवमीला यंत्रांची आणि हत्यारांची थाटात पूजा व्हायची. इथे नवमी बुधवारी आली. नानांनी सकाळीच दिवाणखान्यात पाट मांडला. त्यावर देवदत्तचा लॅपटॉप, अस्मिताचे व्हायोलिन आणि स्वयंपाकघरातली सुरी आली. मग नाना म्हणाले, "अरे, खरं शस्त्र घरात असताना ते खाली कोंडून ठेवणार का?"

देवदत्त बेसमेंटमध्ये गेला. त्याने पिस्तूल उघडून ते रिकामे असल्याची दोनदा खात्री केली, गोळ्यांचे कपाट ओढून पाहिले आणि मग आम्हाला वर आणले. ही खात्री पाहायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते.

"हे काय?" नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "शस्त्राला बेडी घालून पूजा करायची?"

"नाना, इथला रूल आहे. लॉक काढून ठेवता येत नाही."

"पूजेपुरतं काढ रे. बांधलेल्या शस्त्राला कोणी हळदकुंकू वाहतं का?"

जन्मात एकही कागद चुकीचा न भरलेल्या देवदत्तने वडिलांच्या शब्दाखातर मला काढले. किल्लीसकट मला स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याशेजारी टाकले. पूजा झाली, झेंडू वाहिला, आरती झाली. मग तो पिस्तूल उचलू लागला तेव्हा नानांनी त्याचा हात धरला.

"मांडलेली पूजा हलवत नाहीत. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की ने."

"अख्खा दिवस असंच ठेवायचं?"

"घरातच आहे ना? कोण नेतंय?"

देवदत्त पिस्तूल तिथेच सोडून ऑफिसला निघून गेला. आमच्या घरातला एकमेव नियम त्या दिवशी मोडला, तोही देवासाठी. मला राग यायला हवा होता. मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलो.

माफ करा, पडून राहिले. त्या दिवसाबद्दल बोलताना माझे असे होते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. देवदत्त ऑफिसला गेला, अस्मिता शाळेत, नाना जेवून फिरायला. अनुया एकटीच श्रीखंडाचा चक्का फेटत होती. भरदुपारी गॅरेजचे दार उघडल्याचा आवाज आला. या वेळी घरी कोणी येत नसे. चमचा भांड्यात पडला. तिची पावले दिवाणखान्याकडे गेली. आतले दार उघडले आणि मग मी तो आवाज ऐकला. टक्. छोटासा, कोरडा आवाज. चापाचा आवाज मी झोपेतही ओळखीन. तो होऊ नये यासाठीच तर मला घडवले होते.

"आई, इट्स मी," अस्मिता म्हणाली. "आय फरगॉट माय फॉर्म. फील्ड ट्रिपचा."

"जेवलीस का?" अनुयाने विचारले.

"आय एट ॲट स्कूल. आई, इज दॅट बाबाज?"

"हो. ठेवते मी."

तिने पिस्तूल पाटावर ठेवले. मग फॉर्मवर सही केली आणि म्हणाली, "जाताना दार नीट ओढून घे." अकरा वर्षांची अस्मिता शाळेत परत गेली. अनुया आली आणि पुन्हा चक्का फेटू लागली. तो तिने तास-दोन तास फेटला असेल.

संध्याकाळी नाना उत्तरपूजेचे ताम्हण घेऊन बसले, देवदत्त हातपाय धुऊन आला. अस्मिता वर अभ्यास करत होती. अनुया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"दुपारी अस्मिता मध्येच घरी आली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, तेच परत आले. मी तिच्यावर पिस्तूल धरलं. चाप ओढला."

नानांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

"अगं, रिकामं होतं ते," देवदत्त घाईने म्हणाला. "मी दोनदा चेक केलं होतं. गोळ्या खाली लॉकमध्ये आहेत. काही होणारच नव्हतं."

"मला कुठे माहीत होतं?"

ती दारातून पुढे आली.

"मी भरलेलं आहे असं समजूनच ओढला, देवदत्त."

देवदत्त होता तिथेच जमिनीवर बसला. मग त्याने तो प्रश्न विचारला.

"अनुया, त्या दिवशी वर काय झालं होतं?"

ती त्याच्यासमोर खाली बसली आणि सांगू लागली. "खाली पावलं वाजत होती. अस्मिताची बस यायची वेळ झाली होती. ती आता आत येणार, सरळ त्यांच्या समोर जाणार, हे मला कळत होतं. माझा हात कडीवर होता आणि मी कडी काढली नाही. बस उशिरा आली म्हणून ते आधी गेले. नाहीतर मी तशीच बसून राहिले असते. चोरांचं मला काही नाही रे. त्या दिवशी मी माझ्या मुलीसाठी बाहेर आले नाही. म्हणून आज आले."

नाना तोंडावर उपरणे धरून रडले. देवदत्तने तिचा हात हातात घेतला आणि ती आणखी बोलत राहिली.

त्याच संध्याकाळी देवदत्तने स्वतः पोलिसांना फोन करून काय घडले ते सांगितले. दोन अधिकारी आले, पिस्तूल आणि गोळ्या घेऊन गेले. परवानाही गेला. पाटावर झेंडूची फुले तेवढी राहिली. मला न्यायचे कोणाच्या लक्षात आले नाही. अजून मी त्याच ड्रॉवरमध्ये आहे, माझ्यावर पीठ साचले आहे आणि किल्ली कुठे गेली ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझी गरज असलेली वस्तू तुमच्या घरात नसेल तर फार बरे. असेल तर देवापुढेसुद्धा मला काढू नका. आणि घरातले कोणी अचानक गप्प झाले असेल तर दुकानात जाण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि काय झाले ते विचारा. अनुयाला दोन वर्षे नऊ महिने कोणी विचारले नव्हते. विचारले तेव्हा सांगायला तिला दहा मिनिटे लागली.