अनुमोदक कोण?

उद्या दुपारी शिरगावच्या टेकाडाची सुनावणी होती, आणि आज संध्याकाळी उमाला चारचौघांत स्वतःचंच नाक कापून घ्यायचं होतं.

गेल्या श्रावणात पुरातत्त्वज्ञांच्या संघातर्फे ते टेकाड तिनेच पाहिलं होतं. कमरेएवढं गवत, माती दिसेल तर शपथ. अशी पाहणी उन्हाळ्यात करायची असते, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण संघाला पत्र द्यायची घाई. तिने लिहून टाकलं, ‘अवशेष आढळले नाहीत.’ गवताचा उल्लेखसुद्धा नाही. ते पत्र टेकाडावर इमारती बांधू पाहणाऱ्या बिल्डरने अंगाऱ्यासारखं कपाळी लावलं आणि विरोध करणाऱ्या गावकऱ्यांची तोंडं बंद झाली.

परवा टेकाडालगत शेती करणारा धर्मराज गोणीभर खापरं घेऊन दारात उभा राहिला. “बाई, गवत जललं नि ह्या खापऱ्या वर आल्या. तुमी तर काय नाय म्हनून लिवलंय!” खापरं दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची. उमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी उल्हासनगरात कापडदुकानाच्या माळ्यावर संघाची सभा भरली. ते पत्र मागे घ्यावं, असा ठराव उमाने मांडला.

“मॅडम, एक रिपोर्ट मागे घेतला की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?” अध्यक्ष अवधूत म्हणाले. “आपण अभ्यासक. पॉलिटिक्स आपलं काम नाही.”

“मग बिल्डरला पत्र दिलं, तेव्हा काय केलं आपण? कीर्तन?”

अवधूतनी घसा खाकरला. “अनुमोदक कोण?”

एकही हात वर होईना. अनुमोदक नसला की ठराव मताआधीच मरतो. ज्यांच्यासोबत तिने उन्हातान्हात माती चाळली होती, ते सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. उमाला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मागून अण्णा उठले. अर्ध्या सभेचे गुरू, वय अठ्ठ्याहत्तर. “त्या पत्राखाली माझीही सही आहे. टेकाडावर न जाता केलेली. मी अनुमोदन देतो.”

अण्णांच्या मागोमाग आणखी हात वर आले. सात विरुद्ध सात. अध्यक्षांचं निर्णायक मत पडलं आणि ठराव फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. “संघाचं नवं पत्र आहे?”

“नाही, साहेब,” संघातर्फे आलेले अवधूत म्हणाले.

“मग जुनंच धरायचं.” बिल्डरचा वकील गालात हसला.

उमा उभी राहिली. “ते जुनं पत्र लिहिणारी बाई मीच. ते चुकीचं आहे. संघाच्या नको, माझ्या नावावर लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. “पूर्ण नाव सांगा.”