शेजारणीचा आराखडा

टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कुंदा टिपणीसने अठ्ठावन्नाव्या वर्षी बोरिवलीच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा गोरेगावच्या त्यांच्या सोसायटीत आठवडाभर तोच विषय होता. नवरा श्यामकांत मात्र शांत होता. "पोळ्यांचं काय?" एवढं त्याने एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कणीक मळायला शिकला. त्याच्या पोळ्या अजून गोल होत नव्हत्या, पण डबा वेळेवर तयार असायचा.

वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. कुंदाला ती काकू म्हणत, आणि जरा जपूनच बोलत. अपवाद फक्त दीप्ती शेजवळचा. ती चारकोपहून यायची, पहिल्या दिवशी कुंदाशेजारी बसली आणि मग तिथेच बसत राहिली. कुंदाच्या डब्यातली वाकडी पोळी बघून तिने विचारलं होतं, "काकू, हा नकाशा कुठल्या देशाचा?"

समाजशास्त्र शिकवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडम कुंदाच्या मुलाच्या वयाच्या होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी वर्गाला एक काम दिलं. मुख्य विषय सगळ्यांचाच समाजशास्त्र. पण जोडीला दुसरा विषय कुठला, पुढच्या दोन वर्षांत कुठले पेपर निवडायचे, शेवटी प्रकल्प कशावर करायचा, याचा तीन वर्षांचा आराखडा करायचा.

"पण स्वतःचा नाही," मॅडम म्हणाल्या. "शेजारी बसलेल्याचा. त्याला काही न विचारता. शुक्रवारी एकमेकांना दाखवा, मग बोलू."

कुंदाने मन लावून काम केलं. दीप्तीच्या बोलण्यात एकदा घरच्या बुद्धवंदनेचा उल्लेख आला होता, तो तिच्या लक्षात होता. तिने दीप्तीसाठी जातिव्यवस्थेवरचा पेपर निवडला, सामाजिक चळवळींचा निवडला, जोडीला राज्यशास्त्र दिलं, आणि प्रकल्पाला विषय लिहिला, 'उपनगरांतील बौद्ध कुटुंबे'. लिहून झाल्यावर तिला स्वतःचं कौतुकच वाटलं. मुलीला तिचा इतिहास कळेल, चांगली शिष्यवृत्तीही मिळेल.

शुक्रवारी दीप्तीने तिच्या हातात कागद ठेवला. वृद्धत्वाचं समाजशास्त्र, कुटुंब आणि विवाह, जोडीला मानसशास्त्र. प्रकल्प, 'ज्येष्ठ नागरिक संघ'.

"अगं, मी म्हातारी दिसते का तुला?" कुंदा हसत म्हणाली, पण हसू पुरतं उमटलं नाही. त्या कागदावर तिला दुपारी बाकावर बसून राहणारी कुणीतरी बाई दिसत होती.

दीप्ती कुंदाने दिलेला कागद वाचत होती. वाचून झाल्यावर तिने तो नीट दुमडला, बॅगेत ठेवला आणि "बरं" म्हणाली. पुढच्या तासाला ती मागच्या बाकावर जाऊन बसली. सोमवारी आलीच नाही, मंगळवारीही नाही.

मंगळवारी संध्याकाळी कुंदा चारकोपला गेली. सेक्टरमधली बैठी घरं, प्रत्येकाने वर एकेक मजला चढवलेला. दार दीप्तीच्या वडिलांनी, शिवदास शेजवळांनी उघडलं. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करत आणि नुकतेच कामावरून आले होते.

"या ना, ताई. पोरगी वर आहे. तापबीप काही नाही, रुसलीय," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवता ठेवता पुढे म्हणाले, "तुम्ही विषय मात्र बरोबर लिहिलेत. मीही तिला तेच सांगत होतो."

"बाबा, तुम्ही सांगता ते वेगळं," जिन्यावरून दीप्तीचा आवाज आला. ती खाली आली. "तुम्ही सांगितलं तर मी भांडू शकते. काकूंनी मला ओळखून लिहायचं होतं."

ती कुंदासमोर येऊन उभी राहिली.

"रोज तुमच्याशेजारी बसते मी," दीप्ती म्हणाली. "हसते, डबा खाते, कायकाय बोलते. आणि तुम्हाला दिसलं काय, तर तेवढंच. वर्गात जात काय एकट्या मलाच आहे का, काकू? तुम्हालाही आहे ना. तुमच्यासाठी का नाही घेतलात तो पेपर?"

शिवदासांनी चहा गाळून कप पुढे ठेवले. कुंदाला आपले कान तापल्यासारखे वाटले. आपण वाईट हेतूने नाही लिहिलं, असं सांगावंसं तिला वाटलं. पण ते सांगून या पोरीला काय मिळणार होतं?

"सुचलंच नाही," ती म्हणाली. "खरंच सुचलं नाही गं. चुकलं माझं."

दीप्ती तिच्या समोर बसली. "मीपण तुम्हाला म्हातारी केलंच ना."

"केलंस. मला लागलं ते." कुंदाने कप उचलला. "आता विचारते. तुला काय शिकायचंय?"

दीप्तीने वडिलांकडे एकदा बघितलं आणि सांगायला लागली. तिची आई मध्यंतरी काही वर्षं गोरेगावच्या स्टुडिओत टीव्हीच्या कार्यक्रमांना प्रेक्षक म्हणून बसायला जायची. रोजंदारीवर. सांगितलं की टाळ्या, सांगितलं की हसायचं. सुट्टीत दीप्तीही जायची.

"सगळे खोटं हसायला लागायचे, आणि थोड्या वेळाने खरंच हसू यायचं. आईला पण. ते कसं होतं, ते मला शोधायचंय."

"हे मला कधी सांगितलं नाहीस," शिवदास म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

मग तिने कुंदाला विचारलं. कुंदाने तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींचं सांगितलं. तिथल्या बायका-पुरुष सगळ्यांनी एकदमच नोकरी सोडली होती. पुरुषांनी कुठे कुठे दुसरी कामं धरली, बायका मात्र घरी बसल्या, आणि ते कुणाला खटकलंही नाही. ते का, हे तिला आकड्यांनिशी मांडायचं होतं.

"म्हणजे जोडीला संख्याशास्त्र," दीप्ती म्हणाली. "वाट लागेल, काकू."

"लागू दे."

अंधार पडेपर्यंत दोघींनी नवे आराखडे केले. दीप्तीने कुंदाच्या दुसऱ्या वर्षात जातिव्यवस्थेचा पेपर घातला. स्वतःच्या आराखड्यात मात्र तिने तो घातला नाही. शिवदासांनी ते बघितलं, आणि कप विसळायला नेले.

शर्मिष्ठा मॅडमनी दोन्ही आराखडे मान्य केले. पहिल्या वर्षी कुंदा संख्याशास्त्रात जेमतेम पास झाली, तेही दीप्तीने रविवारी गोरेगावला येऊन शिकवल्यामुळे. दुसऱ्या वर्षी जातीच्या पेपरच्या तासांना ती दीप्तीशिवाय एकटीच गेली. तिथला पहिलाच निबंध होता, 'माझ्या घरातली जात'. दोन दिवस तिला एक ओळ सुचेना. शेवटी तिने दीप्तीला फोन लावला.

"काय लिहू गं? आमच्या घरात जातीबद्दल कधी कुणी बोललंच नाही."

"आमच्याकडे रोज बोलतात," दीप्ती म्हणाली. "मग हेच लिहा ना, काकू. तुमच्याकडे का बोलावं लागलं नाही, ते."

कुंदाने फोन ठेवला. श्यामकांतला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं, आणि लिहायला बसली.