एका सर्व्हरवर दोघं

“मास्तर, तक्ता कुठाय?” डायलिसिसच्या सिस्टरने दारातूनच विचारलं. “अकरा जण बसलेत बाहेर. कोणाला कुठल्या खुर्चीवर घेऊ?”

मास्तर दचकले. रुग्णांच्या वेळा आणि खुर्च्यांचा तो तक्ता रोज सकाळी सहाला आपोआप छापून यायचा. पंधरा वर्षांत कधी चुकला नव्हता. पूर्वी टायपिंग शिकवायचे म्हणून ते मास्तर. पुढे हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आले आणि पुस्तकात बघून बघून त्यांनी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत तक्त्याचा प्रोग्राम लिहिला. बायको त्याला आपली सवत म्हणायची. निवृत्तीला आता महिनाच उरला होता.

शेजारच्या टेबलावरची नवी इंजिनिअर पांढरीफटक पडली.

“काका, काल मी सर्व्हरवर पायथनचं नवं व्हर्जन टाकलं. माझ्या कामाला तेच लागतं. आणि नुसतं ‘पायथन’ म्हटलं की नवंच सुरू होईल असं करून ठेवलं.”

“म्हणजे माझ्या प्रोग्रामने हाक मारली जुन्याला आणि ओ दिली नव्याने! त्याला माझं काय डोंबल कळणार?”

मास्तर चांगलेच चिडले होते. पण आधी त्यांनी पाठकोरा कागद ओढला, अकराही जणांची नावं, वेळा, खुर्च्या आठवून लिहिल्या आणि तो सिस्टरच्या हातात दिला. मग खुर्ची इंजिनिअरकडे सरकवली.

“जुनं काढलं नाहीस ना?”

“नाही, आहे अजून.”

“मग नांदू दे दोघांना. फक्त ज्याने त्याने पूर्ण नाव घेऊन हाक मारायची.”

प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत, आपल्याला कोणतं व्हर्जन हवं, ते तिने नीट लिहिलं. दहा मिनिटांत प्रिंटर खडखडला. तिचा जीव भांड्यात पडला.

“पण काका, जुन्याला आता कोणी दुरुस्त्या पाठवत नाही. ठेवणं धोक्याचंय. साहेब म्हणालेत, महिनाअखेर काढाच.”

“काढ की. पण इथे वेळ चुकली तर मशीन नाही सुजत, माणूस सुजतो. आधी माझं सगळं नव्यात आण.”

ती त्यांचा प्रोग्राम वाचायला बसली, तेव्हा तिला विचित्र ओळी सापडू लागल्या. एक बसड्रायव्हर कायम पहिल्या शिफ्टला. दोन बहिणी कायम शेजारी.

“हे कुठल्या नियमात बसतं?”

“कुठल्याच नाही. त्याची ड्यूटी दोनला लागते. आणि त्या दोघींना भांडायला एकमेकी लागतात.”

त्यानंतर रोज दोन तक्ते निघायचे, एक जुन्यावरचा, एक नव्यावरचा. दोघं ते एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायची आणि फरक शोधायची. आधी नऊ निघाले, मग चार.

मास्तरांच्या शेवटच्या दिवशी एकच उरला.

“ही बघ चूक. या आजी तुझ्या तक्त्यात खिडकीजवळ आल्यात. त्यांना सिस्टरच्या टेबलाजवळची खुर्ची लागते. घाबरतात त्या. सिस्टर समोर हवी.”

इंजिनिअर घुटमळली. “मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, पहिल्यांदा घाबरले होते. आता नऊ वर्षं झाली, खिडकी मिळाली तर बघा.”

मास्तरांना ते लागलं. नऊ वर्षं आपण त्यांना टेबलाजवळ बसवलं आणि एकदाही विचारलं नाही.

“तुझाच तक्ता बरोबर आहे,” ते म्हणाले. “सरक. जुनं मीच काढतो.”

त्यांनी आज्ञा टाइप केली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि बटण दाबलं. मग जुना तक्ता घडी घालून खिशात ठेवला.

जाताना ते डायलिसिसच्या दाराशी थांबले. आजी खिडकीजवळ होत्या. बाहेर कोणीतरी सायकल शिकत होतं आणि ते पडलं की आजी हसत होत्या. त्यांचं दाराकडे लक्षच नव्हतं. मास्तरांनी त्यांना हाक मारली नाही.